सत्तावीस सेकंदांचा हिशेब

२९ नोव्हेंबर २०२० च्या संध्याकाळी बहारीनमधल्या साखीर इथे फॉर्म्युला वनची एक गाडी ताशी १९२ किलोमीटर वेगाने लोखंडी पट्ट्यांच्या कठड्यावर आदळली. कठडा फाटला, गाडीचे दोन तुकडे झाले आणि पुढच्या तुकड्याभोवती आगीचा लोळ उठला. चालक त्या तुकड्यातच होता. २७ सेकंदांनी तो स्वतःच्या पायांनी आगीतून बाहेर आला. रोमां ग्रोजां हे त्याचं नाव. फ्रान्सकडून शर्यती धावणारा, जिनिव्हात जन्मलेला, वय ३४. त्या रात्री टीव्हीवर हे पाहणाऱ्यांनी देवाचे आभार मानले असतील, आणि ते साहजिकच होतं. पण या सुटकेचा फार मोठा भाग नववी-दहावीच्या भौतिकशास्त्रात मांडता येतो. तो मांडायलाच हवा, कारण त्यातला बहुतेक प्रत्येक आकडा याआधी कुणीतरी जीव देऊन शिकवलेला आहे.

शनिवार, २८ नोव्हेंबर, संध्याकाळी ५. चोवीस तास आधी

साखीरच्या सर्किटवर विजेच्या झोतात पात्रता फेरी सुरू होते. एक फेरी ५.४१२ किलोमीटरची, रविवारी अशा ५७ फेऱ्या. ग्रोजांच्या हास संघाची गाडी त्या हंगामात रडतखडतच चालत होती. त्याचा सहकारी केविन मॅग्नुसन अठरावा येतो, तो स्वतः एकोणिसावा. वीस गाड्यांच्या रांगेत त्याच्या मागे एकच गाडी उरते. हंगामाच्या शेवटी संघ आपल्याला सोडणार, हे त्याला महिनाभर आधीच कळलेलं आहे. ही शर्यत धरून तीन शर्यती उरल्या आहेत.

मागच्या रांगेतून सुटणाऱ्या चालकाला पहिल्या काही वळणांवर पुढच्या सगळ्या गाड्यांची गर्दी, धूळ आणि चुका एकदम अंगावर घ्याव्या लागतात. तिथे अपघात जास्त होतात ते चालक कच्चे असतात म्हणून नव्हे, तर गाड्यांमधलं अंतर कमी आणि वेगांतला फरक जास्त असतो म्हणून.

रविवार, दुपारी ४ च्या सुमारास. एक तासाहून थोडं अधिक

गाडीत इंधन भरलं जातं. नियमाने शर्यतीसाठी कमाल ११० किलो इंधनाची मुभा होती, आणि साखीरसारख्या इंधनखाऊ सर्किटवर शंभर किलोच्या आसपास लागतंच. चालकासह गाडीचं किमान वजन ७४६ किलो. म्हणजे सुटताना गाडी ढोबळ मानाने ८५० किलोची. हे दोन आकडे, ८५० आणि १००, लक्षात ठेवा. पहिल्यातून टकरीचं गणित येतं, दुसऱ्यातून आगीचं.

इंधन चालकाच्या पाठीमागे, त्याच्या आणि इंजिनाच्या मधल्या जागेत असतं. टाकी पत्र्याची नसते. ती न फाटणाऱ्या तंतूंनी मजबूत केलेली रबरी पिशवी असते आणि ती कार्बन फायबरच्या कवचात बसवलेली असते. या कवचालाच चालकाचा कोश म्हणायचं. बाकी गाडीचा चुरा झाला तरी हा कोश टिकला पाहिजे, अशी त्याची रचना. कार्बन फायबरचा असा कोश फॉर्म्युला वनमध्ये पहिल्यांदा १९८१ साली मॅक्लारेन संघाने आणला. तेव्हा पुष्कळांना वाटलं होतं, हे ठिसूळ प्रकरण पहिल्याच टकरीत फुटेल.

ग्रोजां अंगावर कपडे चढवतो. आतून नोमेक्सचे लांब बाह्यांचे कपडे, वरून अनेक थरांचा अखंड पोशाख, डोक्यावर टोपडं, त्यावर हेल्मेट. नोमेक्स वितळत नाही. आगीत त्याचा धागा फुगतो, काळा पडतो आणि तो काळा थर उष्णता रोखून धरतो. त्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये पोशाखाची नवी कसोटी लागू होती. पोशाखावर ज्योत धरली, तर आतल्या बाजूचं तापमान २४ अंशांनी वाढायला किमान १२ सेकंद लागले पाहिजेत. आधी ही अट ११ सेकंदांची होती. एका सेकंदाने काय होतं, असा प्रश्न तोवर कुणालाही पडू शकला असता.

हातमोजे मात्र पातळ. बोटांना स्टिअरिंगचं कंपन जाणवलं नाही तर गाडी हाकताच येत नाही.

खांद्यांवर हॅन्स नावाचं कार्बन फायबरचं जू येतं आणि हेल्मेट दोन पट्ट्यांनी त्याला बांधलं जातं. सीटचे पट्टे छातीला धरून ठेवतात, पण हे जू नसेल तर डोकं मोकळं असतं. टकरीत छाती थांबते, डोकं पुढे जात राहतं आणि कवटीच्या तळाशी, मानेच्या सांध्यापाशी हाड तुटतं. अमेरिकेतले जैवयांत्रिकीचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड यांनी आपला मेहुणा, शर्यतपटू जिम डाउनिंग याच्यासोबत हे जू १९८० च्या दशकात तयार केलं. दोघांच्या ओळखीचा एक चालक टकरीत गेला होता, तिथून हे काम सुरू झालं. फॉर्म्युला वनने ते २००३ पासून सक्तीचं केलं.

मग हॅलो. कॉकपिटच्या वर टायटॅनियमची एक कमान, मध्ये एक खांब, सगळं मिळून नऊएक किलो. हा प्रकार २०१८ पासून सक्तीचा झाला. त्याआधी चालकाचं डोकं उघड्यावर असायचं. जूल्स बियांकी या चालकाचा २०१४ चा सुझुकातला अपघात आणि २०१५ मधला त्याचा मृत्यू यांनंतर ही मागणी जोरात पुढे आली. अनेकांना ही कमान कुरूप वाटली, खेळाच्या स्वभावाशी विसंगत वाटली. जाहीरपणे विरोध करणाऱ्यांत ग्रोजांही होता. आज तो त्याच कमानीखाली बसतो आहे.

संध्याकाळी ५:१०. काही मिनिटं

सूर्य मावळला आहे. आपल्याकडे रविवारचे ७ वाजून ४० मिनिटं झाली आहेत, मुंबई-पुण्यातल्या शर्यतवेड्यांची टीव्हीसमोर बसायची वेळ. गाड्या सरावाच्या एका फेरीला निघतात आणि परत येऊन रांगेत उभ्या राहतात.

रांगेच्या शेवटी आणखी एक गाडी येऊन थांबते: वैद्यकीय पथकाची मर्सिडीज. चालक ॲलन फान डर मर्व्ह, शेजारी डॉक्टर इयन रॉबर्ट्स, मागे बहारीनचे एक स्थानिक डॉक्टर. पहिली फेरी ही गाडी शर्यतीच्या मागोमाग पूर्ण वेगाने धावते. १९७८ साली मोंझा इथे रॉनी पीटरसन हा चालक सुरुवातीच्याच टकरीत जखमी झाला, मदत वेळेवर पोचली नाही आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. तेव्हाचे शर्यतींचे डॉक्टर सिड वॉटकिन्स यांनी त्यानंतर हट्टाने हा नियम करवून घेतला. दर शर्यतीत ही गाडी असते आणि बहुतेक वेळा एक फेरी मारून परत येते. कॅमेरा तिच्याकडे वळतही नाही.

दिवे विझतात

पहिली तीन वळणं पार पडतात. तिसऱ्या वळणातून बाहेर पडताना पुढे गाड्यांचा गोंधळ दिसतो. ग्रोजां जागा शोधत उजवीकडे वळतो. त्याच्या उजव्या कुशीत, आरशाच्या कक्षेबाहेर, दानिल क्व्यातची गाडी आहे.

वेग ताशी २४१ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ६७ मीटर. डोळ्याने पाहणं आणि हाताने वळवणं यांत माणसाला पाव सेकंद तरी लागतोच. तेवढ्यात गाडी सोळा-सतरा मीटर पुढे गेलेली असते. दोन गाड्यांमधलं आडवं अंतर मात्र हातभर.

ग्रोजांचं उजवं मागचं चाक क्व्यातच्या डाव्या पुढच्या चाकाला भिडतं. या स्पर्शाचं भौतिकशास्त्र बघण्यासारखं आहे. उजवीकडून आलेला धक्का गाडीच्या मागच्या टोकाला डावीकडे रेटतो. मागचं टोक डावीकडे गेलं की नाक उजवीकडे फिरतं. त्यातच मागची बाजू उचलली जाते. टायरची पकड त्याच्यावर दाबणाऱ्या वजनावर ठरते. या गाड्यांत तो दाब मुख्यतः हवेतून मिळतो, पंख आणि तळ यांच्यामुळे. गाडी उचलली आणि तिरकी झाली की हवेचा दाब गेला, तो गेला की पकड गेली. आता स्टिअरिंग फिरवून काहीही होणार नाही. गाडी पूर्ण रस्ता आडवा कापून उजवीकडच्या कठड्याकडे निघते. तो भाग दोन वळणांमधल्या धावेचा. तिथे आतल्या बाजूला इतक्या वेगाने कुणी येईल, अशी कल्पना कुणी केलेली नव्हती.

शेवटचे काही क्षण

कठड्यापर्यंत पोचेतो वेग २४१ वरून १९२ झाला. ऐकायला ही घट लहान वाटते, पाचवा हिस्सा. पण टकरीत आपल्याला गतिज ऊर्जेशी झगडायचं असतं आणि ती वेगाच्या वर्गाने वाढते. ८५० किलोची गाडी २४१ च्या वेगाने जात असेल तर तिच्यात सुमारे १९ लाख ज्यूल ऊर्जा असते. १९२ ला ती १२ लाख ज्यूल राहते. वेग पाचव्या हिश्श्याने उतरला, पण ऊर्जा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त गेली. टायरांच्या त्या घसटण्याने सात लाख ज्यूल रस्त्यावरच सोडून दिले. ग्रोजांच्या जगण्यातला हा पहिला हप्ता, आणि याची चर्चा जवळपास कुणी करत नाही.

उरलेला १९२ चा वेग किती? एखादा माणूस १४५ मीटर उंचीवरून, म्हणजे परळ-वरळीकडच्या पंचेचाळीस मजली इमारतीच्या गच्चीवरून पडला, तर हवेचा अडथळा सोडून जमिनीवर त्याच वेगाने आदळेल.

शून्य

गाडीची धाव आणि कठडा यांत २९ अंशांचा कोन होता, असं आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या, म्हणजे एफआयएच्या तपासात निघालं. गाडी स्वतः आपल्या दिशेशी २२ अंशांनी तिरकी झाली होती.

२९ अंश हा आकडा फार बोलका आहे. वेगाचे दोन घटक करा, एक कठड्याला समांतर, दुसरा काटकोनात. सेकंदाला ५३ मीटरपैकी काटकोनात येतात ते फक्त २६ मीटर, ताशी ९३ किलोमीटर. ऊर्जेत मोजलं तर चौथाईपेक्षाही कमी. कठडा टिकला असता, त्याने गाडी वाकवून आपल्या अंगावरून सरकू दिली असती, तर एका झटक्यात जिरवायची ऊर्जा तीन लाख ज्यूलच्या आत राहिली असती. उरलेली गाडीने घसरत घसरत शंभर-दोनशे मीटरमध्ये खर्च केली असती. लोखंडी पट्ट्यांचे कठडे याच कामासाठी असतात. आपल्या महामार्गांवरही ते लावतात. पट्टी लांबवर ताणली जाते, खांब वाकतात आणि गाडी रस्त्याच्या दिशेला वळवली जाते.

इथे तसं झालं नाही. फॉर्म्युला वनच्या गाडीचं नाक अरुंद आणि टोकदार. तेच बल लहान क्षेत्रावर आलं की दाब कितीतरी वाढतो. तीन पट्ट्यांपैकी मधली तुटली, वरची आणि खालची वाकून उघडल्या, आणि नाक पाचरीसारखं आत शिरलं. त्या क्षणी समांतर घटकाचा फायदा संपला. आता गाडी सरकणार नव्हती, अडकणार होती. म्हणजे चौथाई नव्हे, सगळी ऊर्जा तिथेच, काही मीटरांत संपवायची.

पहिला अर्धा सेकंद

सर्वोच्च धक्का ६७ जी नोंदला गेला. एक जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, सेकंदाला सेकंद ९.८ मीटर. ६७ जी म्हणजे त्या क्षणी शरीराचा प्रत्येक भाग आपल्या वजनाच्या ६७ पट जोराने पुढे ओढला गेला. सत्तर किलोच्या माणसावर साडेचार टनांहून अधिक वजनाचा जोर. डोकं आणि हेल्मेट मिळून सहा किलो धरले, तर एकट्या मानेवर चारशे किलोंचा.

हा आकडा ऐकून माणूस जगला कसा असं वाटतं. पण धक्का किती मोठा याच्या जोडीला तो किती वेळ टिकला, हेही पाहावं लागतं. संवेगातला बदल म्हणजे बल गुणिले वेळ. थांबायचं तर आहेच, संवेग शून्य व्हायचाच आहे. मग वेळ वाढवली की बल कमी होतं. मंदन सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखं ६७ जी राहिलं असतं, तर गाडी सव्वादोन मीटरांत आणि सेकंदाच्या बाराव्या भागात, म्हणजे पापणी लवायच्या आत थांबली असती. ६७ हा फक्त शिखराचा आकडा असल्याने सरासरी बरीच कमी होती, आणि अंतर आणि वेळ दोन्ही त्याहून जास्त मिळाले. याउलट, हाच वेग एका फुटात संपवायला लागला असता तर सरासरीच पावणेपाचशे जींच्या वर गेली असती. त्यातून कुणी वाचत नाही.

ते अंतर कुठून आलं, हे पाहताना मला सगळ्यात जास्त नवल वाटतं. नाकातल्या कार्बन फायबरचा भुगा होत गेला, त्याने थोडं दिलं. तुटलेल्या, वाकलेल्या लोखंडी पट्ट्यांनी थोडं दिलं. होय, ज्या कठड्याने त्याला जवळपास मारलंच होतं, त्याच्या फाटण्यातही ऊर्जा खर्च झाली. मग गाडी चालकाच्या पाठीमागे दुभंगली. इंजिन, गिअरबॉक्स, मागची चाकं कठड्याच्या अलीकडे, रस्त्याच्या बाजूला राहिली. गाडीच्या वजनाचा एवढा मोठा हिस्सा सुटून पडल्यावर त्याचा संवेग चालकाच्या कोशातून पुढे ढकलला जाणं थांबलं.

१९५४ च्या डिसेंबरात जॉन पॉल स्टॅप या अमेरिकी हवाई दलाच्या डॉक्टरने स्वतःला रॉकेटच्या घसरगाडीला बांधून घेतलं होतं. ताशी हजार किलोमीटरवरून १.४ सेकंदांत तो थांबला. सर्वोच्च धक्का ४६.२ जी. डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुटल्या, काही काळ दिसेनासं झालं, पण तो जगला आणि पुढे १९९९ पर्यंत जगला. नीट बांधलेलं शरीर किती सोसू शकतं हे त्याने आपल्या हाडांवर मोजून दाखवलं. मोटारींत पट्टे सक्तीचे व्हावेत म्हणून त्याने नंतर आयुष्यभर खटपट केली.

इथे जरा थांबून एक सांगावंसं वाटतं. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर मागच्या सीटवर पट्टा न लावता बसलेल्या माणसालाही हेच गणित लागू आहे. टकरीत गाडी आपलं पुढचं दोन-अडीच फूट अंग चेचून घेते. ते दोन-अडीच फूट पट्टा लावलेल्यालाच मिळतात. न लावलेला माणूस मूळ वेगानेच पुढे जात राहतो आणि पुढची सीट गाठल्यावर एकदम थांबतो. पट्टा समोर लटकत असताना लोक तो लावत नाहीत, हे पाहून जीव तुटतो.

त्याच अर्ध्या सेकंदात, कमानीपाशी

आता त्या वाकलेल्या वरच्या पट्टीकडे वळू. नाक खालून शिरलं, कोश पुढे जातो आहे, आणि चालकाच्या चेहऱ्याच्या उंचीवर लोखंड आहे.

६ ऑक्टोबर १९७४ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेन सर्किटवर हेल्मुट कोयनिग हा ऑस्ट्रियाचा २५ वर्षांचा चालक अशाच कठड्यावर गेला. त्याची ती अवघी दुसरी शर्यत होती. टक्कर फार वेगाची नव्हती. पण खालच्या पट्टीने धीर सोडला, गाडी तिच्यातून आत सरकली आणि वरची पट्टी जागेवर राहिली. तो जागीच गेला. त्याआधी बरोबर एक वर्ष, १९७३ च्या ६ ऑक्टोबरला, त्याच सर्किटवर फ्रान्सचा फ्रांस्वा सेव्हेर कठड्यांवर आदळूनच गेला होता. ती छायाचित्रं ज्यांनी पाहिली त्यांच्या मनातून ती जात नाहीत. साखीरच्या कठड्यातलं भगदाड पाहून जुन्या जाणत्यांना आधी तेच आठवलं.

फरक त्या कमानीचा. हॅलो बसवण्याआधी त्याच्यावर वरून बारा टनांच्या आसपासचा भार देऊन पाहतात, आणि कोशाला धक्का न लागता तो टिकावा लागतो. कमान तीन ठिकाणी कोशात घट्ट बसवलेली असते. म्हणून पट्टीचा मारा डोक्यावर न येता टायटॅनियममधून कार्बनच्या कवचात उतरला आणि पट्टी वर ढकलली गेली. माणसाचं डोकं मावेल एवढी पोकळी शाबूत राहिली. ग्रोजांने नंतर हॅलोविरुद्धचं आपलं आधीचं मत उघडपणे मागे घेतलं.

आग

टकरीच्या अखेरच्या क्षणीच कोशाच्या मागच्या बाजूने आग लागली होती. गाडी दुभंगली याने चालकाला वाचवलं, असं वर म्हटलं. त्याचीच ही दुसरी बाजू. मागचा भाग सुटताना इंधनाची जोडणी टाकीच्या रबरी पिशवीतून उपटली गेली आणि डाव्या बाजूचं तपासणीचं झाकण निखळलं. दोन तोंडांतून इंधन उसळलं. मोटारीतली उच्च दाबाची विद्युत बॅटरीही फुटली होती.

आता तो दुसरा आकडा घ्या, १०० किलो. एक किलो पेट्रोल पूर्ण जळालं तर सुमारे ४४० लाख ज्यूल उष्णता निघते. टकरीची ऊर्जा होती १२ लाख. कठडा फाडणारी, गाडीचे दोन तुकडे करणारी ती सगळी ऊर्जा सत्तावीस-अठ्ठावीस ग्रॅम पेट्रोलात असते. शंभर किलोंत तिच्या साडेतीन हजार पट.

म्हणून टक्कर संपली तेव्हा धोका संपला नव्हता, त्याचं स्वरूप बदललं होतं. टकरीची ऊर्जा थोडी, पण ती सेकंदाच्या अंशात अंगावर येते. आगीची अफाट, पण ती सावकाश येते, कारण पेट्रोल जळायला आधी त्याची वाफ व्हावी लागते आणि वाफेला हवा मिळावी लागते. पहिला लोळ उंच उठला तो फवारलेल्या थेंबांचा होता. थेंबांना चहूबाजूंनी हवा मिळते. उरलेलं इंधन हवा मिळेल तसतसं जळत होतं. या सावकाशीतच ग्रोजांला वेळ मिळाला. पण किती? माणसाच्या त्वचेचं तापमान ६० अंशांवर गेलं की काही सेकंदांत खोल भाजतं, आणि पेट्रोलच्या ज्वाळा हजार अंशांच्या घरात असतात. पोशाखाची कसोटी १२ सेकंदांची.

अकरावा सेकंद

वैद्यकीय गाडी पोचली. मदतीला यायला फॉर्म्युला वनमध्ये इतका कमी वेळ क्वचितच लागला असेल. डॉक्टर रॉबर्ट्स धावले. कॉकपिटमध्ये हालचाल आहे हे त्यांना दिसलं, आणि हातात कोरड्या पावडरीचा अग्निशामक घेतलेल्या मार्शलला त्यांनी नेमकं तिथेच मारायला सांगितलं. शंभर किलो पेट्रोलची आग एका नळकांड्याने विझत नाही. पावडर ज्योतीतली रासायनिक साखळी तोडते, तीही जिथे पडेल तिथे आणि पडत राहील तोवर. पण आग विझवण्याची गरजच नव्हती. माणसाला बाहेर पडायला एक फट हवी होती, काही क्षणांपुरती.

आत ग्रोजां शुद्धीत होता. हॅन्सने मान सांभाळली नसती, पट्ट्यांनी धड धरून ठेवलं नसतं, तर तो जिवंत राहिला असता तरी बेशुद्ध असता. आणि त्या आगीत बेशुद्ध माणूस बाहेर निघत नाही. त्याला आधी वाटलं, कुणीतरी येईल, थांबावं. मग उजवीकडे-डावीकडे नारिंगी उजेड दिसला. पुढे त्याने सांगितलं की त्याला निकी लाउडा आठवला, १९७६ साली न्युर्बुर्गरिंगवर जळत्या गाडीत अडकलेला, ज्याला चार चालकांनी गाड्या थांबवून ओढून काढलं होतं. मग त्याला आपली तीन मुलं आठवली.

निखळलेली डोक्यामागची उशी आणि स्टिअरिंग त्याने बाजूला केलं. वर पट्टी होती, सरळ उभं राहता येत नव्हतं. डोकं वळवून, खांदे फिरवून तो वर सरकला, आणि डावा पाय अडकला.

इथे भौतिकशास्त्राचं काम संपतं. पाय किती दाबला जाईल, बूट किती घट्ट असेल, हे कुठल्याही नियमावलीत नव्हतं. त्याने पाय ओढला. बूट आत राहिला, पाय सुटला.

सत्ताविसावा सेकंद

तो आगीतून वर आला. हातांनी पेटत्या गाडीचा आधार घ्यावा लागला. हातमोज्यांचा रंग काळा पडताना त्याने पाहिला आणि आपण भाजतो आहोत हे जाणूनही आधार सोडला नाही. डॉक्टर रॉबर्ट्सनी त्याला कठड्यावरून अलीकडे ओढून घेतलं. दोन्ही हातांची पाठ भाजली होती. बारा सेकंदांसाठी तपासलेल्या पोशाखाने बाकी अंगाला त्याच्या दुपटीहून जास्त वेळ सांभाळलं. आतले थर, थरांमधली हवा आणि आगीचा असमान झोत, सगळ्यांनी मिळून. आता त्या जादा सेकंदाचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

साडेसहाच्या सुमारास

शर्यत थांबवलेलीच होती. सव्वा तासाहून अधिक वेळ गेला. फाटलेल्या पट्ट्या काढून त्या जागी काँक्रीटचे ठोकळे लावले गेले. ज्या चालकांनी वारंवार दाखवलेली ती दृश्यं पाहिली होती, तेच परत गाड्यांत बसले. लुइस हॅमिल्टन जिंकला. त्या अवस्थेत त्या सगळ्यांना पुन्हा गाडी हाकायला लावणं मला आजही पटत नाही.

२ डिसेंबर, आणि पुढे

ग्रोजां तीन रात्रींनी इस्पितळातून बाहेर आला. फॉर्म्युला वनमध्ये तो परत धावला नाही, पण २०२१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या इंडीकार शर्यतींत उतरला.

त्याआधी मार्चमध्ये एफआयएने तपासाचा निष्कर्ष जाहीर केला. चालकाचा कोश, हॅलो, हेल्मेट, हॅन्स आणि पट्टे यांनी आपापलं काम केलं, असं त्यात होतं. आणि पुढे काय तपासायचं तेही होतं. कोशाच्या पुढच्या भागाचा आकार, म्हणजे पाय अडकू नये. डोक्यामागच्या उशीची बांधणी. इंजिन कोशापासून कसं सुटावं याचे नियम. इंधनाच्या पिशवीची जोडणी. सर्किटवरच्या कठड्यांची मांडणी आणि त्यातल्या उघड्या जागा. गाडीतली आणि वैद्यकीय पथकाकडची आग विझवण्याची साधनं. त्याच यादीत हातमोजेही होते: उष्णता जास्त वेळ रोखतील असे, आणि तरी बोटांना स्टिअरिंग जाणवू देतील असे.